व्हीवर काट कुणी मारली?

प्रश्न : नमस्कार सर. मी जुळे सोलापुरात राहतो, पेटीचे क्लास घेतो आणि आमच्या भजनी मंडळात पण वाजवतो. माझा एक शाळेपासूनचा मित्र ख्रिश्चन आहे, त्यांच्या चर्चमधे गाणारी नवीन पोरं तयार करायलेत तर पेटीवर तू बस म्हणाला म्हणून गेलो. तिथं मुंबईहून कुणीतरी आणलेल्या कागदाची झेरॉक्स वाटली. त्यात एका ओळीच्या आधी इंग्रजी व्ही आणि त्या व्हीवर तिरकी काट मारलेली, खालच्या ओळीला आर आणि त्याला पण काट. मला वाटलं व्ही म्हणजे व्हर्सेस, एका बाजूला पाळकसाहेब आणि दुसऱ्या बाजूला पब्लिक. आर बघून तर मला डॉक्टरची चिठ्ठीच आठवली, तसं बोललो तर सगळे हसायला लागले. मित्र म्हणाला, ह्याला व्हर्सिकल म्हणतात, पण त्याच्यापुढं त्याला पण सांगता येईना. म्हणजे नक्की काय आणि शब्द आला कुठून? मराठीत काय म्हणायचं, श्लोक, ओवी का वचन? आणि आमच्या आईनं विचारायला सांगितलंय, हे आपल्या आरतीसारखंच असतंय का?
(एक पेटीवाला, जुळे सोलापूर)

उत्तर : पेटीवाले, हसणाऱ्यांना हसू द्या, तुमचे दोन्ही अंदाज चुकलेत पण दोन्ही चुका घराच्या अगदी दारापर्यंत गेलेल्या आहेत, नुसती कडी वाजवायची राहिली.

आधी काटेचं सांगतो. पूर्वी सगळं हातानं लिहायचं, कागदाच्या जागी कातडं, ते महाग, त्यामुळे लिहिणारे लोक शब्द तोडून तोडून लिहायचे आणि जिथं तोडला तिथं एक तिरकी रेघ मारायचे, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की पुढचं तुझं तू समजून घे. व्ही म्हणजे लॅटिन ‘वेर्सिकुलुस’, इंग्रजीत व्हर्सिकल. आर म्हणजे उत्तर, रिस्पॉन्स. आपल्याकडे भजनाच्या वहीत ओळीच्या शेवटी दोन दंडांच्या मधे ‘धृ’ लिहितात ना, अगदी तेच काम. नवीन माणसाला त्यातलं काय कळणार, त्याला वाटतं धृ म्हणजे काय मंत्रबिंत्र आहे. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा आर पण त्याच पद्धतीचा, तो ‘रेसिपे’ या लॅटिन शब्दाचा, अर्थ ‘घे’, म्हणजे हे हे औषध घे. स्वयंपाकाची रेसिपी पण तिथलीच. तर तुम्हाला चिठ्ठी आठवली यात हसण्यासारखं काही नाही, सही वेगळ्या माणसाची आहे पण पेन एकच आहे असं समजा.

आता व्हर्सिकल म्हणजे काय. प्रार्थनेत पाळक किंवा मुख्य गाणारा एक छोटी ओळ म्हणतो आणि जमलेले सगळे तिला दुसऱ्या छोट्या ओळीनं उत्तर देतात, त्यातली पहिली ओळ म्हणजे व्हर्सिकल. बहुतेक ओळी बायबलातल्या स्तोत्रसंहितेतून घेतलेल्या. तुमच्या झेरॉक्सवर बहुतेक हीच जोडी पहिली असेल : पाळक म्हणतात, हे प्रभू, आमचे ओठ उघड, आणि लोक म्हणतात, म्हणजे आमचं मुख तुझी स्तुती करील. हे 51व्या स्तोत्राचं 15वं वचन आहे. आता नीट बघा, हे दोन वाक्यं नाहीत, एकच वाक्य आहे, मधून कापलंय आणि अर्धं एकाच्या तोंडात दिलंय, अर्धं बाकीच्यांच्या. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. शब्दकोशात तुम्ही बघितलं तर ‘छोटी ओळ’ एवढाच अर्थ मिळेल आणि तो बरोबर पण आहे, पण नुसती छोटी असून भागत नाही, ती ओळ अर्धी सोडलेली पाहिजे. पाळकसाहेब म्हणाले ओठ उघड, आणि पब्लिक गप्प बसलं, तर ती प्रार्थना तिथंच हवेत लटकली.

त्यामुळे आईंच्या प्रश्नाचं उत्तर, आरतीसारखं थोडं आहे, पण पूर्ण नाही. आरतीत सगळे मिळून सगळंच म्हणतात (आणि ज्यांना पाठ नसतं ते फक्त जयदेव जयदेवला मोठा आवाज लावतात, आपण सगळे त्यातलेच). आईंना सोलापूरचंच उदाहरण द्या. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की काय ऐकू येतं? एकजण ओरडतो ‘एकदा भक्तलिंग’ आणि गर्दी म्हणते ‘हर्र बोला हर्र’. एकट्या माणसानं दोन्ही म्हणून बघा, काही मजा नाही, आणि दुसरं म्हटलंच नाही तर पहिलं नुसतं अडकून पडतं. वारीत ‘पुंडलिक वरदे’ म्हटल्यावर ‘हाऽऽरि विठ्ठल’ येतं तेव्हा पण तसंच, एका ओळीचे दोन धनी. फरक एवढाच की आपल्या ह्या जयघोष आहेत, जोशात म्हणायच्या, आणि व्हर्सिकल सहसा शांत असतं, बरेचदा एकाच सुरावर, शेवटाला थोडं हललं तर हललं. तुम्ही पेटीवर फार कलाकुसर करायला जाऊ नका एवढं आगाऊ सांगून ठेवतो.

बरं आता शब्द. व्हर्सिकल हे ‘वेर्सुस’ या लॅटिन शब्दाचं लाडाचं, लहान रूप. नाटकाचं नाटुकलं होतं तसं. लॅटिनमधे शेवटी ‘कुल’ लावलं की वस्तू लहान होते आणि ते सगळं इंग्रजीत ‘कल’ होऊन आलंय. पार्टिकल म्हणजे छोटा भाग, आर्टिकल म्हणजे मुळात छोटा सांधा, हृदयातलं व्हेंट्रिकल म्हणजे छोटं पोट. मसल पण त्यातलाच, मूळ शब्दाचा अर्थ छोटा उंदीर, दंड वाकवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून. आपल्याला तिथं उंदीर नाही दिसला, बेडूक दिसला, म्हणून आपण बेटकुळी काढतो. ज्याच्या गावात जे जनावर जास्त. (सायकलीचा मात्र या ‘कल’शी काही संबंध नाही, तुमच्यातलं कुणीतरी पत्र लिहिणार म्हणून आधीच सांगतो. ती ग्रीक भाषेतल्या चाकावरून आली आणि ते ग्रीक चाक आणि आपलं चक्र ही सख्खी भावंडं.)

मग वेर्सुस म्हणजे काय? तर ‘वळलेलं’. वेर्तेरे म्हणजे वळणं, वळवणं, त्याचं ते रूप. लॅटिनमधे वेर्सुस म्हणजे रांग, लिखाणाची ओळ, आणि शेतात नांगराचं तास. आता इथं ज्यांचं बालपण शहरात फ्लॅटमधे गेलं त्यांच्यासाठी थांबतो, तास म्हणजे साठ मिनिटं नव्हे, नांगर किंवा पाभर चालली की जमिनीत जी सरळ रेघ पडते ते तास. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरताना कधी उभे राहिला असाल तर बघितलं असेल, औत एका बांधापासून निघतं, सरळ दुसऱ्या बांधापर्यंत जातं, तिथं बैल वळतात आणि शेजारून नवीन तास धरून परत येतात. ओळ लिहिताना पण तेच होतं, हात पानाच्या टोकापर्यंत गेला की वळतो आणि नवीन ओळ धरतो. जुने ग्रीक तर काही शिलालेखांत खरोखर बैलासारखंच लिहायचे, एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे, आणि त्या पद्धतीचं ग्रीक नावच ‘बैल वळतो तसं’ असं आहे. आपल्या संस्कृत पंडितांनी पण दोन ओळींत नागमोडी वाचायचा एक प्रकार काढला होता आणि त्याला त्यांनी गोमूत्रिका नाव दिलं, चालत्या बैलाची धार जमिनीवर कशी पडते ते बघून. म्हणजे कविता आणि बैल यांचं काहीतरी जुनं नातं आहे, इकडं पण आणि तिकडं पण.

आणि जे वळत नाही, सरळच जातं, ते काय? लॅटिनमधे त्याला ‘प्रोर्सुस’ म्हणतात, पुढं तोंड करून सरळ, आणि त्यावरून इंग्रजी प्रोज, गद्य. वळतं ते व्हर्स, सरळ जातं ते प्रोज. आपल्याकडे गद्य आणि पद्य वेगळ्या वाटेनं आले, गद्य म्हणजे बोललेलं आणि पद्य म्हणजे पायांचं, पदांचं.

आता तुमच्या व्हर्सेसकडे येतो. इंडिया व्हर्सेस ऑस्ट्रेलियातला व्हर्सेस हा तोच वेर्सुस. ‘च्या दिशेला वळून’ असा त्याचा मूळ अर्थ, नंतर एकमेकांकडे तोंड करून उभे राहिलेले, आणि मग कोर्टकचेऱ्यांत ‘विरुद्ध’. म्हणजे पार्क मैदानावरची मॅच आणि तुमच्या झेरॉक्सवरची काट मारलेली व्ही एकाच आईची लेकरं. गंमत अशी की दोन बाजूंचं तुमचं म्हणणं पण सगळंच चुकीचं नाही. युरोपातल्या मठांत साधू लोक प्रार्थनेला समोरासमोर दोन बाजूंना बसायचे आणि स्तोत्राचं एक वचन या बाजूनं, पुढचं त्या बाजूनं असं म्हणायचे, अजून म्हणतात. आपल्याकडे दिंडीत मुक्कामाच्या ठिकाणी टाळकरी समोरासमोर दोन रांगा धरून उभे राहतात आणि चरण एका रांगेकडून दुसऱ्या रांगेकडे जातो तसंच. दोन बाजू आहेत, पण मॅच नाही, कुणी हरत नाही.

पण मला तुम्हाला खरी सांगायची गोष्ट ही नाही. खरी गोष्ट अशी की हा शब्द आपल्या घरात आधीपासून आहे आणि तुम्ही तो शाळेत मार्क घालवून शिकलात. वृत्त! भुजंगप्रयात, शार्दूलविक्रीडित, यमाताराजभानसलगं, आठवलं का. संस्कृत ‘वृत्’ म्हणजे वळणं, फिरणं, आणि ‘वृत्त’ म्हणजे वळलेलं, फिरलेलं. लॅटिन वेर्सुस म्हणजे पण वळलेलं. दोन्ही एकाच जुन्या धातूपासून, आणि नुसता धातू एक नाही, शब्दाची बांधणी पण एकच, म्हणून मी यांना चुलत भावंडं म्हणणार नाही, सख्खी म्हणीन, जत्रेत हरवलेली. आणि दोघांनी एकमेकांचं बघून नव्हे तर आपापल्या घरी कवितेशीच लग्न केलं! तिकडं वेर्सुस कवितेची ओळ झाला, इकडं वृत्त कवितेचा छंद झालं. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी एका लग्नात पंगतीला बसलो होतो, शेजारच्या निवृत्त संस्कृतच्या मास्तरांनी सांगितलं आणि मी कडक भाकरी हातात धरून तसाच बसलो, वाढपी दोनदा पुढं निघून गेला.

या वृत् चं गोत केवढं आहे बघा. वर्तुळ, आवृत्ती, परिवर्तन, वर्तन, वर्तमान, निवृत्ती, वृत्तांत. वृत्तपत्र. गाण्यातलं आवर्तन, ते तर तुमच्या रोजच्या वापरातलं, ताल फिरून समेवर येतो. वाटोळं पण त्यातलंच, वर्तुळापासून, म्हणजे एखाद्याचं वाटोळं झालं तर त्यात पण भूमितीच आहे. समईतली वात ही वर्ति. आणि तिकडच्या बाजूचं गोत म्हणजे रिव्हर्स गियर, व्हर्जन, कन्व्हर्ट, युनिव्हर्स, अ‍ॅनिव्हर्सरी (वर्ष फिरून आलं ती). सात रस्त्याला रिक्षावाला मागं न बघता रिव्हर्स घेतो तेव्हा तो पण हाच धातू चालवत असतो.

आता थोडा इतिहास, कारण तुम्ही विचारलंत आला कुठून. ख्रिस्ती लोकांच्या आधी ज्यू लोकांची स्तोत्रं होतीच आणि त्यांची घडणच दोन भागांची आहे, पहिल्या अर्ध्यात एक गोष्ट म्हणायची आणि दुसऱ्या अर्ध्यात तीच गोष्ट फिरवून किंवा पुढं नेऊन म्हणायची. 136वं स्तोत्र उघडा, 26 वचनं आहेत आणि प्रत्येक वचनाचा उत्तरार्ध एकच, त्याची दया सनातन आहे. सव्वीस वेळा. हे एकट्यानं मनात वाचायला लिहिलेलं नाही हे पहिल्या तीन ओळींतच कळतं, हे एकानं म्हणायचं आणि सगळ्यांनी ध्रुवपद धरायचं.

पुढं इजिप्तच्या वाळवंटात जे तपस्वी राहायचे त्यांच्याकडून शिकून आलेला कॅसियन नावाचा एक साधू पाचव्या शतकात लिहून गेला की 70व्या स्तोत्राची पहिली ओळ, ‘देवा, माझ्या मदतीला ये’ अशा अर्थाची, ही सारखी मनात घोळवावी, झोपताना, उठताना, काम करताना. म्हणजे नामस्मरणच की! सहाव्या शतकात बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियम लिहिले त्यात कुठल्या प्रार्थनेला अशी छोटी ओळ कुठं म्हणायची ते ठरवून दिलं, आणि दिवसातल्या प्रार्थना त्याच ‘मदतीला ये’ नं सुरू व्हायला लागल्या. (एक सावधगिरी, तुम्हाला कुणी कॅथलिक पंथाचं जुनं पुस्तक दिलं तर त्यात हेच स्तोत्र 69वं असेल आणि 51वं ते 50वं. ग्रीक-लॅटिन मोजणीत मधे एका आकड्याचा फरक पडतो, पुस्तक चुकलेलं नसतं. पोरांना नंबर सांगून प्रॅक्टिस घेणार असाल तर आधी हे बघा नाहीतर अर्धे एक गातील आणि अर्धे दुसरंच.)

लोकांना लॅटिन कळत नव्हतं तेव्हा हे सगळं साधूंचं आणि पाद्र्यांचं आपसातलं होऊन बसलं. इंग्लंडमधे 1549 साली चर्चचं प्रार्थनेचं पुस्तक इंग्रजीत आलं, त्यामागं आर्चबिशप क्रॅन्मर होते, आणि तिथून ही उत्तरं साध्या माणसांच्या तोंडी आली. ओळी छोट्या, त्यामुळे ज्याला वाचता येत नाही त्याच्या पण आठ-पंधरा दिवसांत कानावरून पाठ होणार. यात एक बारीक गोष्ट आहे ती मला फार आवडते, 1549 च्या पुस्तकात होतं ‘माझे ओठ उघड’, स्तोत्रात आहे तसंच एकवचनी, आणि 1552 च्या पुस्तकात ते ‘आमचे ओठ उघड’ झालं. एका माणसाचं गाऱ्हाणं होतं ते सगळ्या गावाचं झालं, बदललं किती तर एक सर्वनाम.

सोलापुरात हे कसं आलं असेल असं तुमच्या मित्राला वाटत असेल तर त्याला सांगा, आपल्या भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम जुनं, आणि ते काँग्रिगेशनल पंथाचे, त्यांच्यात अशा ठरवून दिलेल्या प्रश्नोत्तरी ओळींचं प्रस्थ नव्हतं. त्यांच्या मराठी मंडळींनी काय केलं तर सरळ अभंग, भजन आणि कीर्तन उचललं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं त्या परंपरेतली, टाळ-मृदंगावर म्हणता येणारी. व्हर्सिकलची सवय ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या त्या चर्चच्या, घरातली. मग 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन असे वेगवेगळे प्रवाह एकत्र आले, त्यामुळे एका चर्चमधे अभंग चाललाय आणि दुसऱ्या रविवारी मुंबईची झेरॉक्स निघाली यात आश्चर्य नाही.

राहिला मराठी शब्दाचा प्रश्न. श्लोक नको, कारण श्लोक आपल्या पायावर उभा असतो, चार चरण, अनुष्टुभ असेल तर आठ आठ अक्षरांचे, बत्तीस अक्षरांत काम पूर्ण, त्याला कुणाच्या उत्तराची गरज नाही. ओवी म्हणाल तर मजा आहे, मराठी ख्रिस्ती लोक बायबलातल्या क्रमांकाच्या वाक्याला ‘ओवी’ म्हणतात, अमुक अध्याय सोळावी ओवी, अगदी ते गद्य असलं तरी. ऐकायला इतकं गोड वाटतं की मी त्यात दुरुस्ती सुचवणार नाही. पण ओवी आपल्या मनात जात्याला चिकटलेली आहे. आणि ती फार जुनी, कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं इ.स. 1129 च्या सुमाराला जो संस्कृत ग्रंथ लिहिला त्यात म्हटलंय की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. ते कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आपल्यापासून काही लांब नाही, एसटीनं जाऊन संध्याकाळी परत यावं. तर जात्यावरच्या ओवीत पण एक बाई सुरू करते, दुसरी पुढं ओढते, हे साम्य आहे, पण तिथं ठरलेलं उत्तर नसतं, सुचेल ते येतं. व्हर्सिकलला सुचून चालत नाही.

वचन? अर्थानं बरं आहे, पण सोलापुरात वचन म्हटलं की पहिले आठवतात ते सिद्धरामेश्वर आणि बाराव्या शतकातल्या शरणांची, म्हणजे बसवेश्वरांच्या मार्गातल्या संतांची, कन्नड वचनं, प्रत्येकाच्या शेवटी ज्याची त्याची मुद्रा, म्हणजे सहीसारखं ठरलेलं नाव, सिद्धरामेश्वरांची ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’. ते एका माणसाचं आपल्या देवाशी बोलणं आहे. माझं मत विचाराल तर पहिल्या ओळीला ‘हाक’ म्हणा आणि दुसरीला ‘साद’. शब्दकोशवाले नाकं मुरडतील, काहीजण म्हणतील साद म्हणजे पण हाकच, साद घालतात आणि प्रतिसाद येतो, आणि ते खरं आहे. मग हाक आणि प्रतिसाद म्हणा. पोरांना एका मिनिटात कळेल कुणी थांबायचं आणि कुणी सुरू करायचं. छापताना मात्र व्हर्सिकलच राहू द्या, टेबलाला आपण कुठं मेज म्हणतो.

आणि पेटीवाले म्हणून एक. पहिली ओळ संपली की लगेच पट्टी दाबून लोकांना सूर द्यायची घाई करू नका. तिथं क्षणभर जागा सोडलेली असते, लोक श्वास घेतात. औत बांधाला वळताना बैलांना कुणी चाबूक मारत नाही.

प्रश्न : आमच्या मुलीला विद्यापीठाच्या नावावरून कॉलेजात निबंध आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ यातल्या ‘पुण्यश्लोक’ म्हणजे पुण्यवान श्लोक असं तिनं लिहिलंय. मला पटेना पण दुसरं काय ते पण सांगता येईना. आणि श्लोक हा शब्द शोकावरून आला हे खरं का?
(एक आई, होटगी रोड)

उत्तर : ताई, तुमची शंका बरोबर आहे. इथं श्लोक म्हणजे कविता नाही, श्लोक म्हणजे कीर्ती. ज्यांची कीर्ती पुण्य देणारी, ज्यांचं नाव नुसतं घेतलं, ऐकलं तरी पवित्र वाटावं ते पुण्यश्लोक. पूर्वी नळराजा आणि युधिष्ठिर यांना हे विशेषण लावायचे. आपलं विद्यापीठ 2004 साली सुरू झालं आणि अहिल्यादेवींचं नाव 2019 मधे लागलं, मुलीच्या निबंधात ही सालं पण घालायला सांगा, मास्तर खूश होतात.

शोकाची गोष्ट रामायणातली, क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला नर पारध्यानं मारला, मादी आकांत करायला लागली, ते बघून वाल्मीकींच्या तोंडून शोक निघाला तो छंदात निघाला, म्हणून शोकाचा श्लोक झाला. गोष्ट फार सुंदर आहे आणि शोक-श्लोक हा शब्दांचा खेळ कवीनं मुद्दाम साधलाय. पण शब्द तिथून आलेला नाही, श्लोक हा शब्द त्याच्याही आधी वेदांत सापडतो. धातू ‘श्रु’, ऐकणे. श्रवण, श्रुती, श्रोता त्याच घरातले. जे ऐकू येतं ते श्लोक, मग जे चारचौघांत ऐकू येतं ते नाव, कीर्ती, आणि मग ज्यात ते नाव गायचं तो छंद. ग्रीकमधे वीरांच्या कीर्तीला ‘क्लेओस’ म्हणतात ते पण ह्याच ऐकण्याच्या धातूवरचं. म्हणजे जुन्या काळी मोठेपणा डोळ्यांनी नाही, कानांनी मोजायचे. आता फ्लेक्स बघून मोजतात.

मुलीला सांगा ‘पुण्यवान श्लोक’ खोडून टाक पण शोकाची गोष्ट ठेव, फक्त ‘अशी कथा आहे’ एवढं जोड.

प्रश्न : भजनाच्या वहीत ‘धृ’ बरोबर का ‘ध्रु’? मंडळात भांडणं लागलीत.
(बाळीवेस)

उत्तर : शब्द ध्रुवपद, ध्रुव म्हणजे न हलणारं, बाकी कडवी बदलतात आणि हे तिथंच राहतं. त्यामुळे ‘ध्रु’ बरोबर. पण आख्ख्या महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या ‘धृ’ छापलं जातंय आणि त्यामुळे कुणाचं भजन अडलेलं नाही. वरच्या पेटीवाल्यांना भेटा, ते काट मारून देतील.